एकाच डोळ्यातलं पाणी

बाबा गेल्यानंतर आमच्या घरी भेटायला आलेली माणसं आधी आईजवळ बसायची, मग माझी विचारपूस करायची आणि निघताना न चुकता बाबांच्या खाटेखाली वाकून कुत्र्याकडे बघायची. त्याने अन्न सोडलं होतं. तो रडत होता. ही बातमी आमच्या कॉलनीत, बाबांच्या जुन्या कंपनीत आणि नात्यागोत्यात पसरली होती, आणि ती पसरवणारी मीच होते.

बाबा सातपूरच्या एका कंपनीत फिटर होते. नोकरीच्या शेवटच्या काळात कंपनीच्या गेटवर एक पिवळसर गावठी पिल्लू त्यांच्या मागे लागलं आणि एका संध्याकाळी मोटरसायकलच्या टाकीवर बसून घरी आलं. आईला ते अजिबात पसंत नव्हतं. ती त्याला कधी नावाने हाक मारायची नाही. "तुमचं ध्यान आलं बघा," "तुमच्या ध्यानाला बाहेर काढा," असंच चालायचं. बाबा निवृत्त झाल्यावर तर ते आणि कुत्रा असा दोघांचा वेगळा संसारच सुरू झाला. सकाळ-संध्याकाळ फिरायला जायचे, कंपनीच्या गेटसमोरच्या टपरीवर चहा, परत येताना भाजी. बाबांच्या ताटातला शेवटचा घास ठरलेला असायचा.

गेल्या थंडीत एका सकाळी बाबांच्या छातीत दुखलं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, पाथर्डी फाट्याला राहते. नवऱ्याला घर सांभाळायला सांगितलं आणि आईकडे राहायला आले. मी एकुलती एक, त्यामुळे सगळं माझ्यावरच होतं. दाखले, बँक, पेन्शनची कागदपत्रं, आल्यागेल्याचा चहा. मी रडले नाही. वेळ मिळाला नाही असं मी लोकांना सांगायचे, पण तसं नव्हतं. रडू येतच नव्हतं. बायका माझ्या तोंडाकडे बघायच्या आणि मला वाटायचं, ह्या मनात म्हणत असतील, पोरगी शिकली तशी दगड झाली.

त्याच दिवसांत कुत्र्याने खाणं सोडलं. आई भाकरी कुस्करून त्याच्या ताटलीत टाकायची. तो उठून यायचा, हुंगायचा, एखादा तुकडा तोंडात धरायचा, खाली टाकायचा आणि पुन्हा खाटेखाली जाऊन पडायचा. त्याच्या डोळ्यातून पाणी वाहून खालच्या केसांवर काळपट रेघ उमटली होती. शेजारच्या काकूंनी ती पहिल्यांदा पाहिली आणि पदर तोंडाला लावला. "बघा, मुका जीव कसा रडतोय!"

तेव्हा मला काय वाटलं ते आता नीट आठवतं. मला सुटल्यासारखं वाटलं. आमच्या घरात कुणीतरी नीट रडत होतं.

जलदानविधीच्या दिवशी विहारात भंतेंचं सूत्रपठण झालं आणि मग दोन-चार जण बाबांबद्दल बोलायला उभे राहिले. मी शाळेत मराठी शिकवते. बोलायची सवय आहे. मी बाबांच्या नोकरीबद्दल, त्यांच्या शिस्तीबद्दल बोलले, पण सभा गप्प झाली ती मी कुत्र्यावर आले तेव्हा. भाकरी हुंगून माघारी फिरणारा, धन्याच्या खाटेखालून न हलणारा, रात्रंदिवस आसवं गाळणारा. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, हे मला कळतं. पुढच्या रांगेतले कंपनीतले लोक चष्मे काढून डोळे पुसायला लागले. आता रडू येईल, असं मलाही वाटलं. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच.

त्यानंतर मी व्हिडिओ काढला. नातेवाईक विचारत होते म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. कुत्रा खाटेखाली तोंड भिंतीकडे करून पडला होता. मी एका हातात मोबाइल धरला आणि दुसऱ्या हाताने त्याचा जबडा धरून तोंड उजेडाकडे वळवलं. तो कण्हला आणि झटक्याने मान सोडवून घेतली. मी मागून हळू आवाजात म्हणाले, "कुणाकडे बघायचीसुद्धा इच्छा राहिलेली नाही त्याला." तो व्हिडिओ मी नात्यातल्या ग्रुपवर टाकला. तिथून तो कुठे कुठे गेला ते मला माहीत नाही.

आईचं आणि कुत्र्याचं मात्र त्या काळात जमलं. जिने त्याला कधी हात लावला नव्हता ती दुपारी खाटेजवळ फरशीवर बसायची आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवायची. वाटीत दूध ठेवायची. तो मान वाकडी करून, तोंडाच्या एका बाजूने थोडं प्यायचा. "माझ्यापेक्षा ह्यालाच जास्त कळलं गं," आई म्हणायची. "मी तर दोन वेळचं जेवते. हा बघ."

खोलीत वास यायला लागला होता. कुत्र्याला अंघोळ घातली नाही म्हणून असेल, असं म्हणून मी अगरबत्ती जास्त लावायला लागले. त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या. कुणी डॉक्टरला दाखवायचं सुचवलं की मी म्हणायचे, "दुःखावर काय औषध देणार डॉक्टर?" ते वाक्य मला आवडलं होतं. मी ते अनेकांना ऐकवलं.

एका सकाळी आई अंगण झाडत होती आणि कुत्रा उन्हात येऊन उभा राहिला. त्याच्या डाव्या डोळ्याखाली लिंबाएवढी सूज होती आणि तिच्या मध्यातून पू आणि रक्त येत होतं. आईने झाडू टाकला. "अगं, लवकर ये! ह्याला काहीतरी चावलं वाटतं!"

आम्ही त्याला चादरीत गुंडाळून रिक्षात घातलं आणि गंगापूर रोडच्या बाजूला जनावरांचा दवाखाना आहे तिथे नेलं. डॉक्टर तरुण बाई होत्या. कुत्र्याला टेबलावर घेतलं आणि त्यांनी विचारलं, "जेवतो का?"

मी सांगायला सुरुवात केली. वडील गेले, तेव्हापासून अन्न नाही, खाटेखालून हलत नाही, सारखा रडतो. तेच शब्द, त्याच जागी थांबे. डॉक्टर ऐकत होत्या, पण त्यांचे हात कुत्र्याच्या मानेवर, जबड्याखाली, कानामागे फिरत होते. मधेच त्या म्हणाल्या, "पाणी दोन्ही डोळ्यांतून येतं की एकाच?"

मी थांबले. विचार करावा लागला नाही. रेघ एकाच बाजूला होती, हे रोज दिसत होतं.

"एकाच," मी म्हणाले. "डाव्या."

"हं. कुत्र्यांना दुःख झालं तरी डोळ्यांतून पाणी येत नाही. आलं तर डोळ्याचं किंवा आसपासचं काहीतरी दुखणं असतं. आणि एकाच बाजूने येत असेल तर त्या बाजूला बघायचं."

त्यांनी अगदी हलक्या हाताने त्याचा डावा ओठ वर केला. वास सगळ्या खोलीत पसरला. तोच वास, ज्यावर मी अगरबत्त्या लावत होते. वरची मोठी दाढ उभी चिरली होती. एक कपचा निघून गेला होता आणि हिरडी काळीनिळी पडली होती.

"हाडं चघळायचा का?"

"रविवारी," आई म्हणाली. "नळीचं हाड. हे द्यायचे त्याला."

"कडक हाडाने ही दाढ फुटते. बऱ्याचदा बघतो आम्ही. हिची मुळं थेट डोळ्याखाली जातात. आत पू झाला, वाट मिळेना, म्हणून तिथून फुटला. बरेच दिवस ठणकत असणार."

आई कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. "मग आवाज कसा नाही केला यानं? एकदा तरी ओरडायचं ना."

"मावशी, कुत्री दुखणं लपवतात. पण हा तरी सांगत होता. ताटलीपाशी यायचा ना? घास उचलून टाकायचा? भूकच नसती तर आला नसता. ह्याला खायचं होतं, चावता येत नव्हतं." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "घरातली कुठली दुखण्याची गोळी दिलीत का? खरं सांगा. रागावणार नाही."

"नाही. काहीच दिलं नाही."

"ते बरं केलंत. माणसांच्या गोळ्या ह्यांना विषासारख्या लागू शकतात. लोक काळजीपोटी देतात आणि दुसरंच होऊन बसतं."

काहीच दिलं नाही. ते बरं केलं, असं त्या चांगल्या अर्थाने म्हणाल्या, पण मला माझंच वाक्य टोचलं. मी म्हणाले, "चूक माझी आहे, डॉक्टर. मी त्याच्या शेजारी राहात होते. मी..."

"ते नंतर," त्या म्हणाल्या. "आधी सांगा, हा औषध कशातून घेईल? दूध पितो का? आज इंजेक्शन देते. रक्त तपासू. सूज उतरली की भूल देऊन दाढ काढू. तोवर सगळं मऊ आणि कोमट. जबड्याला हात लावायचा नाही."

जबड्याला हात लावायचा नाही. व्हिडिओ काढताना मी तोच धरला होता.

परत येताना रिक्षा त्र्यंबक रोडला लागली. कुत्रा आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता. मग ती समोर बघतच म्हणाली, "म्हणजे ह्यांच्यासाठी नव्हतं ते."

"आई, तसं नाही. त्यालाही वाटत असेलच..."

"डॉक्टरबाईंनी सांगितलं ना. दाढ."

घरात दुःखाची दोन माणसं होती, एक ती आणि एक तो. आता ती एकटीच उरली होती, आणि तिला एकटं पाडणारी गोष्ट मीच रचली होती.

दाढ काढली. भुलीतून बाहेर आल्यावर कुत्रा दिवसभर लडखडत होता. दुसऱ्या दिवशी आईने पातळ वरणात भात कालवला आणि ताटलीत ओतला. त्याने तो संपवला, ताटली चाटली, ढकलत ढकलत भिंतीपर्यंत नेली आणि आमच्याकडे बघून शेपटी हलवली. मला इतकं बरं वाटलं की मी हसले. आई हसली नाही. "खातोय बघ कसा," एवढंच म्हणाली आणि आत गेली. त्यानंतर बरेच दिवस ती त्याला वेळेवर खायला घालायची, औषध द्यायची, पण शेजारी बसायची नाही. पुन्हा "ध्यान" सुरू झालं. आता "तुमचं" म्हणायला कुणी नव्हतं, म्हणून नुसतं "ध्यान."

मी ठरवलं की सगळ्यांना खरं सांगायचं. तसं आईला सांगितलं. ती गवार मोडत होती. "सांग," ती म्हणाली. "पण एक विचारू? तुला रडायचं होतं तर रडायचंस. त्याला कशाला पुढं केलंस?"

ती रागाने बोलली नाही. गवार मोडायचीही थांबली नाही. मी तिथून उठले, मोरीत जाऊन नळ सोडला आणि उभी राहिले. तेव्हाही रडू आलं नाही.

थोड्या दिवसांनी मालेगावहून आत्या आली. बाबांची थोरली बहीण. अंत्यविधीला येऊन गेली होती, पण व्हिडिओ पाहिल्यापासून तिच्या मनातून कुत्रा जात नव्हता. दारातच तिने पिशवी खाली ठेवली आणि तिकडच्या बोलीत विचारलं, "कुठं शे तो? माझ्या भावासाठी अन्न सोडणारा?"

कुत्रा धावत आला, तिच्या पिशवीत तोंड घातलं आणि बिस्किटाचा पुडा ओढून काढला.

आत्या माझ्याकडे बघत राहिली. मी तिला बसवलं, पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. दाढ, पू, एका डोळ्याचं पाणी, व्हिडिओत तो का कण्हला तेसुद्धा. ते सांगताना माझा आवाज मला हवा तिथे थांबत नव्हता.

"आता काय करू मी?" आत्या म्हणाली. "आख्ख्या गल्लीला दाखवला गं तो व्हिडिओ. बाया रडल्या माझ्याकडं बसून." मग कुत्र्याकडे बघून ती म्हणाली, "म्हणजे भाऊनंच केलं म्हण की. हाडं द्यायचा लाडानं."

"त्यांचं नाव नका घेऊ त्यात," आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिच्या हाताला पीठ होतं. "त्यांना काय माहीत? आणि हाडं ते नव्हते काढत. रविवारी मटण व्हायचं, तेव्हा मोठी नळी मी बाजूला ठेवायचे. पातेल्यातून काढून, धुऊन, मसाला नको म्हणून. हे नुसते नेऊन द्यायचे."

मी आईकडे बघितलं. इतकी वर्षं मी ते ध्यान, ध्यान ऐकत आले होते.

"तुला कसं माहीत नाही?" ती मला म्हणाली. "तू काय, रविवारी दुपारी यायचीस आणि जेवून जायचीस."

आत्या रडायला लागली. भावासाठी, की गल्लीत आता काय सांगायचं म्हणून, मला कळलं नाही. आई तिच्याजवळ बसली आणि तीही रडली. कुत्रा दोघींच्या मधे पुडा फाडत होता. मी उभीच होते. मग आत्याने हात धरून मला खाली ओढलं आणि त्या दोघींच्या मधे, बिस्किटांच्या चुऱ्यात बसून मी एकदाची रडले. त्या रडण्यात बाबा किती होते आणि मला वाटणारी लाज किती होती, हे मला सांगता येणार नाही.

जखम दाखवायला पुन्हा दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी हिरडी बघितली आणि सगळं ठीक भरल्याचं सांगितलं. हाडं बंद, दगड-लाकूड चघळू द्यायचं नाही, महिन्यातून एकदा ओठ उचलून आत बघायचं. आम्ही निघालो, तेवढ्यात आई दारातून मागे फिरली.

"डॉक्टरबाई, कुत्र्यांना येतं का हो दुःख? माणूस गेल्याचं?"

डॉक्टरांनी हातमोजे काढले. घाई केली नाही. "येतं असं मला वाटतं, मावशी. काही दाराशी बसून राहतात, घरभर शोधतात, झोपतात जास्त, खाणं कमी करतात. पण आधी अंग तपासायचं. अंगात काही सापडलं नाही, तरच मनाचं म्हणायचं. ह्याच्या अंगात सापडलं. म्हणून मनात नव्हतंच, असं मी म्हणणार नाही. मला फक्त दाढ दिसली."

"मग काय करायचं त्याचं?"

"रोजचं सगळं जागच्या जागी ठेवायचं. खाण्याची वेळ तीच, फिरायची वेळ तीच. पूर्वी कोण न्यायचं फिरायला?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईने खुंटीवरचा पट्टा काढला. बांधता येईना, म्हणून मला हाक मारली. मी बरोबर येऊ का म्हणून विचारलं तर नको म्हणाली. ती परत आली तेव्हा अंधार पडायला आला होता आणि तिच्या हातात मेथीची जुडी होती. टपरीवाल्याने चहाचे पैसे घेतले नाहीत, असं तक्रारीच्या सुरात तिने सांगितलं. मी काही दिवसांनी पाथर्डी फाट्याला परतले. आता तिला संध्याकाळी फोन केला तर ती उचलत नाही. बाहेर असते.

व्हिडिओ मी माझ्याकडून काढून टाकला. दुसऱ्यांच्या मोबाइलमधून तो काढणं माझ्या हातात नव्हतं. शाळेत पालकसभेला एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी मला गाठलं. "मॅडम, तुमच्या वडिलांच्या कुत्र्याचा व्हिडिओ बघितला. डोळ्यांत पाणी आलं हो." त्यांचा थोरला मुलगा शिकायला पुण्याला गेला होता आणि त्यांचा कुत्राही तेव्हापासून नीट जेवत नव्हता. "तुमचा व्हिडिओ बघितला तेव्हा कळलं आम्हाला, याचंही तसंच आहे."

मी त्यांना बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. बाकीचे पालक खोळंबले होते. ते म्हणाले, रविवारी डॉक्टरकडे नेतो. मी म्हणाले, रविवारी नाही, आज. संध्याकाळी त्यांना फोन केला, गेलात का म्हणून. दुसऱ्या दिवशी पुन्हा केला. त्यांना माझा कंटाळा आला असणार.

शेवटी त्यांचाच फोन आला. डॉक्टरांनी दात, कान, पोट सगळं बघितलं होतं, रक्तही तपासलं होतं. "काही निघालं नाही, मॅडम. तब्येत एकदम चांगली आहे म्हणाले. पोराची आठवण येत असेल. रोज कुत्र्याला व्हिडिओ कॉलवर हाक मारायला पोराला सांगितलंय."

"छान झालं," मी म्हणाले. खरंच बरं वाटलं होतं. फोन ठेवल्यावर मी वह्या तपासायला घेतल्या, पण लक्ष लागेना. त्यांच्या कुत्र्याचं दुःख तपासून घेतलेलं होतं, खरं निघालं होतं. आमच्या कुत्र्याचं कसं होतं, ते मला कधीच कळणार नाही. ते बघायची वेळ होती तेव्हा मी मोबाइल धरून उभी होते.